ऐन कार्यक्रमात विचका झाला तर? (कोजागिरीचा अनुभव आणि २६ जानेवारीची धास्ती)

निशिगंधा | ११ नोव्हेंबर, २२:१०

आमची सोसायटी डोंबिवलीत. चार विंग, ११२ बिऱ्हाडं. यंदा सांस्कृतिक समितीचं चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलं, मीटिंगला उशिरा पोचणाऱ्याच्या गळ्यात पडतं तसंच. पहिलाच कार्यक्रम कोजागिरीचा. बी विंगची गच्ची, साठ लिटर दूध, कराओके, भेंड्या. दीडशेच्या आसपास माणसं.

पावणेनऊला ढग आले. 'परतीचा आहे, दोन थेंब टाकून जाईल,' असं ए विंगच्या काकांनी जाहीर केलं. नऊला वीज कडाडली आणि धो धो सुरू झाला. सगळे एका जिन्याकडे धावले. जिना तीन फुटी, दाराशी चपलांचा ढीग. तेवढ्यात लाइट गेली. लिफ्टमध्ये पाच जण अडकले. लिफ्टची चावी वॉचमनकडे आणि वॉचमन जेवायला. चपलांवरून एका आजींचा पाय घसरला, मनगटाला बारीक फ्रॅक्चर. दूध मात्र वाचलं, कारण पातेल्यावर कोणीतरी ढग बघूनच ताडपत्री टाकली होती. माणसांना खाली पाठवायचं कोणालाच सुचलं नाही.

आता २६ जानेवारीला सोसायटीला २५ वर्षं होतायत. समोरच्या मैदानात मांडव, सुगम संगीत, ३०० माणसांचं जेवण. समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, बाप्पा आहे, होईल सगळं नीट. दुसऱ्या तटानं (म्हणजे एकाच माणसानं, निवृत्त इंजिनियर आहेत) छत्तीस कलमांची एक्सेल शीट पाठवली आहे. त्यातलं २९ वं कलम भूकंप.

मला दोन्ही पटत नाही. तुम्ही कार्यक्रम करता तेव्हा असल्या गडबडींची तयारी कुठवर करता? आणि तुमच्यावर काय काय गुदरलंय?

बाष्कळ_बंड्या | ११ नोव्हेंबर, २२:१६

चंद्र दिसला का पण?

निशिगंधा | ११ नोव्हेंबर, २२:१९

लिफ्टमधल्यांना दिवसा तारे दिसले.

रंगपट | ११ नोव्हेंबर, २३:४०

हौशी रंगभूमीवर बावीस वर्षं मागे उभा आहे. प्रकाशयोजना आणि पडेल ते काम.

नगरला प्रयोग होता. आम्ही एसटीनं पोचलो, नेपथ्याचा टेम्पो माळशेज घाटात बंद पडला. तिसऱ्या घंटेची वेळ झाली. दिग्दर्शक म्हणे थांबू. नाट्यगृहाचा माणूस म्हणे बाराला हॉल रिकामा पाहिजे. निर्माता फोनवर टेम्पोवाल्याला शिव्या घालतोय. अर्धा तास या 'थांबू की करू'मध्ये गेला आणि प्रेक्षक उठायला लागले. शेवटी मेकअप रूममधल्या दोन खुर्च्या आणि एक बाकडं मांडून पडदा उघडला. दुसऱ्या अंकात दारावर थाप पडते. दारच नव्हतं. नटानं हवेत मूठ आपटली आणि तोंडानं 'टक टक' केलं. नाटक गंभीर होतं हो. त्यानंतर मरणाच्या प्रवेशालासुद्धा लोक हसत होते.

घात टेम्पोनं केला असं सगळे सांगतात. मला विचाराल तर त्या अर्ध्या तासानं केला. तेव्हापासून आमच्यात ठरलंय: थांबायचं, ढकलायचं की उरकायचं हे एकच माणूस सांगणार. तो नट नको, दिग्दर्शक नको, अध्यक्ष तर नकोच. रंगमंचावर ज्याचं काही अडलेलं नाही असा हवा. आमच्याकडे ते काम बँकेत नोकरी करणाऱ्या एका बाईंकडे आहे. त्या 'नाही' म्हणाल्या की विषय संपला. तुमच्या गच्चीवर पावणेनऊला अशी एक बाई असती तर आजींचा हात शाबूत राहता.

बाकी बारीकसारीक. 'जनरेटर आहे ना?' एवढंच विचारून थांबू नका. किती केव्हीएचा (म्हणजे ताकद किती), लाइटवरून जनरेटरवर नेणारा चेंजओव्हर स्विच कुठे, डिझेल किती तासांचं आणि बरोबर येणारा पोरगा शेवटपर्यंत थांबणार की जोडून पळणार, हे विचारा. मिक्सरला छोटा यूपीएस लावायला सांगा. डिजिटल मिक्सर एकदा बंद पडला की लाइट आल्यावरही उठायला वेळ घेतो, आणि तेवढ्यात ३०० माणसं गप्प बसत नाहीत. निवेदकाच्या हाताशी सेलवरचा भोंगा ठेवा. कार्यकर्त्यांच्या खिशात टॉर्च. मोबाइलचा नव्हे. त्यावर नेमका तेव्हाच बायकोचा फोन येतो.

शमा_वाचक | १२ नोव्हेंबर, ०८:०५

रंगपट, +१. विशेषतः 'अध्यक्ष तर नकोच'ला.

अण्णा_काणकोण | १२ नोव्हेंबर, ०९:३२

गोव्यात आमच्या देवळात जत्रेला गावचीच माणसं मराठी नाटक करतात. रात्री उशिरा सुरू, संपता संपता कोंबडा आरवतो. मी लहान असताना लाइट गेली तर कोणी दचकायचं नाही, पेट्रोमॅक्स तयारच असायचा. विजेवर विश्वास नव्हता तेच बरं होतं.

एकदा राजा करणाऱ्याला दुपारी सणसणून ताप भरला. प्रॉम्प्टरला मुकुट चढवला, कारण सबंध नाटक त्याला पाठ. पण त्याला सवय सगळ्यांचीच वाक्यं पुटपुटायची. राणी तोंड उघडायच्या आत हाच तिचं वाक्य म्हणून मोकळा. दुसऱ्या अंकात राणी वैतागून म्हणाली, 'महाराज, मग मी जाऊ का माहेरी?' टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षी लोकांनी तीच राणी मागितली.

चिंतामणी | १२ नोव्हेंबर, ११:२०

मला हे सगळं अती वाटतं. सोसायटीचा कार्यक्रम आहे, रॉकेट सोडायचं नाहीये. घरच्या कार्यात थोडी धांदल व्हायचीच, तीच पुढे दहा वर्षं सांगितली जाते. अण्णांचा राजा कोणी एक्सेलमध्ये लिहून ठेवला होता का? १९११ साली 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली. तरी ते उभे राहिले, प्रयोग झाला. माणसं खंबीर असली की बाकी सगळं निभावतं.

रंगपट | १२ नोव्हेंबर, १३:०२

चिंतामणी, बालगंधर्वांचं उदाहरण ऐकून मीही मोठा झालो. त्याला हात जोडावेत, पण त्याच्या भरवशावर २६ जानेवारीला मांडव घालू नये. कोणीतरी दुःख गिळून उभं राहील यालाच तुम्ही तयारी म्हणत असाल तर मग राहिलंच. शिवाय टाळ्या मिळाल्या ते किस्से आपण सांगतो. लोक अर्ध्यातून उठून गेले ते प्रयोग कोण सांगतं?

निवृत्त_फायरमन | १२ नोव्हेंबर, १५:४५

सहसा लिहीत नाही, वाचतो. 'धांदल व्हायचीच' वाचून राहवलं नाही.

२३ डिसेंबर १९९५. हरियाणातलं डबवाली. शाळेचा बक्षीस समारंभ, वर कापडी मांडव. आग लागली. ४०० हून जास्त माणसं गेली, त्यात निम्म्याहून अधिक लहान मुलं. बाहेर पडायला दार एकच होतं. आमच्या प्रशिक्षणात हे उदाहरण यायचंच. त्याही कार्यक्रमाला आई-वडील मुलांची नाचगाणी बघायला आले होते, रॉकेट सोडायला नाही.

निशिगंधाताई, मांडववाल्याला पैसे द्यायच्या आधी मांडवाला चक्कर मारा. फुकटे घुसू नयेत म्हणून मागची कनात बांबूला सुतळीनं शिवून टाकतात. ती उसवायला लावा. समोरासमोर दोन रस्ते ठेवा आणि तिथे खुर्च्या, बुके, फोटोचा बूथ काही मांडू देऊ नका. आचाऱ्याच्या शेगड्या आणि सिलिंडर मांडवाच्या आत नकोत. वायरींचे जोड जमिनीवर, गवतात नकोत. बोर्डाला ईएलसीबी (वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच) आहे का ते विचारा, 'काय असतं ते?' असं म्हणाला तर दुसरा इलेक्ट्रिशियन बघा. चालू जनरेटरमध्ये डिझेल ओतू देऊ नका. आणि मैदानाच्या गेटसमोर गाड्या लावू देऊ नका. अग्निशमनची गाडी जिन्यावरून येत नाही.

हे सगळं करायला एक दुपार पुरते.

चिंतामणी | १२ नोव्हेंबर, १६:१०

माफ करा. दारांचं आणि आगीचं मान्य. मी गाणं-बजावण्याबद्दल बोलत होतो.

डॉ_खोकला | १२ नोव्हेंबर, २१:१५

गेटवरून आठवलं. आमच्या संकुलात एका गृहस्थांना कार्यक्रमात छातीत कळ आली. १०८ ला फोन वेळेत गेला. पण रुग्णवाहिका मागच्या गेटला आणि आम्ही पुढच्या. त्यामुळे फोन करणारा एक आणि गेटवर टॉर्च घेऊन उभा राहणारा दुसरा, ही नावं आधी ठरवा. ३०० जणांत दोन डॉक्टर असतातच, ते कुठे बसलेत हे निवेदकाला माहीत असू द्या. आणि कोणी फीट येऊन पडलं तर नाकाला कांदा-चप्पल लावायची नाही, तोंडात चमचा घालायचा नाही. बाजूच्या वस्तू हटवा, झटके थांबले की कुशीवर वळवा, माणसांचं कडं मोडा. कडं मोडायलाच सगळ्यात जास्त आवाज लागतो.

आजींचा हात कसा आहे?

निशिगंधा | १२ नोव्हेंबर, २१:३०

प्लास्टर अजून आठवडाभर आहे. प्लास्टरवर पोरांनी चंद्र काढलाय.

बाष्कळ_बंड्या | १२ नोव्हेंबर, २१:३१

म्हणजे दिसला एकदाचा.

स्वरा_जर्सीकर | १३ नोव्हेंबर, ०६:५०

न्यू जर्सीहून. आमचं दुखणं बर्फ. संक्रांतीचा कार्यक्रम जानेवारीत, शाळेचं सभागृह भाड्यानं घेऊन. बर्फामुळे शाळा बंद झाली की सभागृहालाही कुलूप, मग मंडळाच्या मतदानाला काही अर्थ उरत नाही. म्हणून बुकिंग करतानाच पुढच्या एका शनिवारची 'स्नो डेट' घेऊन ठेवतो आणि आमंत्रणातच दोन्ही तारखा छापतो.

रंगपट यांनी 'कोण ठरवणार' सांगितलं, मी 'कधी ठरवणार' जोडते. आमचा नियम: आदल्या संध्याकाळी सहा. सहाचा अंदाज बघायचा, ठरवायचं, सगळ्यांना कळवायचं आणि नंतर आकाशाकडे बघायचं नाही. एका वर्षी रद्द केला आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन, रस्त्यावर पांढरा ठिपका नाही. फ्रीझरमध्ये ४०० तिळाचे लाडू. वर्षभर टोमणे खाल्ले, लाडूंबरोबर. तरी नियम बदलला नाही. त्याच्या आदल्या वर्षी 'बघू, सकाळी ठरवू' करून दोन कुटुंबांच्या गाड्या घसरल्या होत्या.

मिसळपाव_नको_पोहे | १३ नोव्हेंबर, १०:१०

स्नो डेटवरून क्रिकेटचा राखीव दिवस आठवला. आणि त्यावरून १९९२ च्या विश्वचषकातली सिडनीची उपांत्य लढत. दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ हव्या होत्या, बारा मिनिटं पाऊस पडला आणि हिशेब एका चेंडूवर आला. नियम होता, आधीच लिहिलेला होता, आणि तरी विचका झाला. पावसाआधी नियम करा, पण एकदा कागदावर खोटा सामना खेळूनही बघा.

विकेट_किपर | १३ नोव्हेंबर, १०:२५

म्हणून तर पावसात लक्ष्य ठरवायचं डकवर्थ-लुईसचं गणित आलं ना, १९९७ पासून.

मिसळपाव_नको_पोहे | १३ नोव्हेंबर, १०:२७

ते तरी कोणाला कळतं?

विकेट_किपर | १३ नोव्हेंबर, १०:२८

कळायची गरज नाही. भांडण मिटतं.

तालमणी | १३ नोव्हेंबर, १४:३०

गाण्याकडे कोणी बघेल का? मी तबला वाजवतो. जेवणाची, मांडवाची काळजी सगळे करतात, गायिकेचा घसा बसला तर काय याचा विचार कोणी करत नाही. एका ठिकाणी मी काळी चारचा (पेटीच्या त्या पट्टीला लागणारा) तबला घेऊन गेलो, गायिकेची पट्टी, म्हणजे तिचा सा, तोच. दुपारी कळलं तिचा आवाज गेलाय, ऐन वेळचे गायक काळी एकचे. आयोजक म्हणतात, 'घ्या ना ठोकून जरा खाली.' अहो, तबला म्हणजे रेडिओ आहे का? नशीब, काळी एकचा पंचम, म्हणजे प, काळी चारलाच येतो, त्यामुळे पंचमात लावून वेळ निभावली. मग त्यांनी मालकंस राग घेतला. त्यात पंचमच वर्ज्य! मी रात्रभर देवाचं नाव घेत वाजवलं.

दोन सूचना. बदली गायक असेल तर त्याची पट्टी साथीदारांना आधी सांगा. आणि दव पडायच्या आत उघड्या मैदानातलं गाणं आटपा, चामडं ओलं झालं की सूर उतरतो.

अवांतर: पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सवसुद्धा ढकलावा लागलाय. २००९ चा स्वाइन फ्लूमुळे २०१० च्या जानेवारीत झाला. २०१४ ला डिसेंबरात पाऊस आला आणि पुढच्या जानेवारीत घेतला. एवढ्या मोठ्या मंडळींना 'आज नाही' म्हणता येतं, मग सोसायटीला लाज कसली?

शमा_वाचक | १३ नोव्हेंबर, १५:०५

उशीर झाला तर रात्री दहाचं लक्षात ठेवा. उघड्यावर दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही. बारापर्यंतची सवलत असते ती सरकारनं ठरवलेल्या वर्षातल्या मोजक्याच दिवसांना. सुरुवात तासभर लांबली की कात्री भाषणांना लागत नाही, भैरवीला लागते. आधीच ठरवा कोणती तीन भाषणं गळणार.

बाष्कळ_बंड्या | १३ नोव्हेंबर, १५:०९

सगळीच गाळा. यालाच मी नियोजन म्हणतो.

मिसळपाव_नको_पोहे | १३ नोव्हेंबर, १५:२०

विमा काढा की. किंग्ज सर्कलच्या जीएसबी मंडळानं २०२४ च्या गणपतीला ४०० कोटींच्या वरचा काढला होता.

निशिगंधा | १३ नोव्हेंबर, १५:४४

आमचं सगळं बजेट दोन लाख दहा हजार. त्यातले चाळीस अजून डी विंगकडून यायचेत.

दिंडीतली_मावशी | १३ नोव्हेंबर, २२:००

मी सात वर्षं आळंदीपासून पायी जाते. 'ब' बेत वगैरे शब्द आमच्यात नाहीत, पण बघा. लाखांनी माणसं, तरी हरवलेली म्हातारी रात्रीपर्यंत आपल्या तंबूत येते. कारण तिला दुसरं काही नाही तरी 'रथामागं अमुक नंबर' एवढं पाठ असतं. पाण्याचा टँकर, तंबूचा ट्रक पुढं गेलेला असतो.

आणि समाज आरती बघितली आहे का? तळावर चोपदार दंड वर करतात आणि एवढा टाळांचा गजर क्षणात थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती एकटी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडं जातात, ऐकून घेतात, निवाडा करतात. मग हरवलं-सापडलं पुकारतात. माइक असला काय, नसला काय. रंगपटभाऊंच्या बँकेतल्या बाई म्हणजे आमचे चोपदारच की.

२०२० ला वारीच पायी नव्हती, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. आम्ही घरात बसून रडलो. पण तेव्हा कोणी 'माऊली बघून घेतील, चला' म्हटलं नाही, हेही लक्षात ठेवा.

तालमणी | १३ नोव्हेंबर, २२:१८

मावशी, काय लिहिलंत! तक्रारवाल्यानंच वाजवत राहायचं, बाकीच्यांनी गप्प. आमच्या सर्वसाधारण सभेत नेमकं उलट असतं.

मीनल_प | १४ नोव्हेंबर, ०९:००

शिक्षिका आहे. स्नेहसंमेलनाचा एकच नियम सांगते: लाइट गेली की आधी मुलं जमिनीवर खाली बसतात, मग आम्ही पालकांशी बोलतो. पालक उठतात, मुलाकडे धावतात, तिथेच चेंगराचेंगरी होते. सोसायटीतली नाच करणारी पोरं कोणाच्या ताब्यात असतील ते ठरवा, आणि आई-बापांना सांगा की शोधायला स्टेजमागे यायचं नाही.

निशिगंधा | १६ नोव्हेंबर, २०:२०

सगळ्यांचे आभार. काल मीटिंग झाली. एक्सेलवाल्या काकांना तुमचे प्रतिसाद छापून दिले. छत्तीसची अकरा कलमं झाली (भूकंप गेला, काका नाराज). चोपदार म्हणून सी विंगच्या एक काकू, रेल्वेत कंट्रोल रूमला होत्या. अध्यक्षांना हे सांगायला तीन चहा लागले. पावसाचं, मांडवाचं काय ते २५ ला संध्याकाळी सहाला ठरणार. ढकलायची वेळ आली तर १ फेब्रुवारी, पत्रिकेत छापतोय. गायकांना बिदागीचं आत्ताच विचारलं: आदल्या दिवशी कळवलं तर नुसता प्रवासखर्च, त्याच दिवशी रद्द केलं तर निम्मी. तोंडी नाही, लिहून घेतलंय.

निवृत्त_फायरमन | १६ नोव्हेंबर, २०:५८

कनात?

निशिगंधा | १६ नोव्हेंबर, २१:०३

उसवणार. लिहून घेतलंय तेही.

निशिगंधा | २७ जानेवारी, १८:३५

धागा वर काढतेय. कार्यक्रम झाला.

पाऊस नाही, लाइट गेली नाही, गायिकेचा घसा उत्तम. जनरेटर रात्रभर नुसता उभा होता. घोळ झाला जेवणाचा. आमच्याच नावाची एक सोसायटी पश्चिमेला आहे, हे पंचवीस वर्षांत कोणाला माहीत नव्हतं. केटररचा टेम्पो तिकडे जाऊन उभा. तिथल्या वॉचमननं अर्धी पातेली उतरवूनसुद्धा घेतली होती. इकडे साडेआठला मध्यंतर ठरलेलं, पानं मांडलेली, पोरं रांगेत आणि वाढायला मीठ-लिंबू.

ही गडबड अकरा कलमांत नव्हती, छत्तीसातही नव्हती. अध्यक्ष माइककडे निघाले. काकूंनी त्यांना हातानं थांबवलं, केटररला फोन केला, 'पूल धरून किती मिनिटं?' एवढंच विचारलं आणि निवेदकाला सांगितलं, मध्यंतर रद्द, उत्तरार्ध आत्ता, जेवण शेवटी. लोकांना खरं कारणही सांगून टाकायला लावलं. हशा झाला आणि माणसं परत बसली. लहान मुलांना आणि मधुमेहवाल्यांना कोजागिरीच्या अनुभवानंतर आणून ठेवलेली बिस्किटं वाटली. तालमणी, तुमच्या दवाच्या सूचनेचंही आपोआप भलं झालं, पावणेदहाला भैरवी संपली होती. टेम्पो सव्वानऊला आला. मसालेभात कोमट होता, त्याबद्दल डी विंगनं लेखी तक्रार केली आहे. चाळीस हजार अजून दिलेले नाहीत.

चिंतामणी | २७ जानेवारी, १९:१०

अभिनंदन! मी नोव्हेंबरात म्हटलं होतं ना, जे व्हायचं ते यादीबाहेरचंच होतं?

रंगपट | २७ जानेवारी, १९:२२

आणि निभावलं कोणी?

चिंतामणी | २७ जानेवारी, १९:२५

काकूंनी. बरं, अर्धं तुमचं.

डॉ_खोकला | २७ जानेवारी, २०:४०

आजी आल्या होत्या का?

निशिगंधा | २७ जानेवारी, २०:५२

पहिल्या रांगेत. मागच्या दाराजवळची खुर्ची मागून घेतली होती, मग गाणं नीट ऐकू येईना म्हणून स्वतःच उचलून पुढे आणली. त्याच हातानं.

निवृत्त_फायरमन | २७ जानेवारी, २१:१५

जनरेटरवाला शेवटपर्यंत थांबला का? भाडं किती पडलं? आमच्याकडे मार्चमध्ये सप्ताह आहे.

निशिगंधा | २७ जानेवारी, २१:२०

थांबला. जेवूनही गेला. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवलाय.